नाचणारा प्रेक्षक आणि न मिळालेला नकार : ‘हिअर लाइज लव्ह’ या संगीतिकेचा प्रकरण अभ्यास

20 जुलै 2023 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये ‘हिअर लाइज लव्ह’ या संगीतिकेचा अधिकृत शुभारंभ झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या खुर्च्या काढून टाकलेल्या होत्या आणि त्यांच्या जागी डिस्कोसारखी मोकळी फरशी तयार केलेली होती. ही फरशी एकाच वेळी रंगमंचही होती आणि प्रेक्षागारही. तिकीट काढून आलेले लोक तिच्यावर उभे राहत, नट त्यांच्यातून वाट काढत, आणि सुमारे दीड तासाच्या अखंड प्रयोगात फिलिपिन्सचे हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांचा उदय आणि अस्त या लोकांच्या खांद्याला खांदा लावून घडत असे.

इतिहासातल्या वादग्रस्त व्यक्तीवरचे नाटक म्हटले की आपल्याकडे चर्चा संहितेभोवती फिरते. 1972 साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले तेव्हा वाद पेटला तो नाना फडणवीसांना कसे दाखवले यावरून. येथे तपासायचे प्रकरण त्याहून वेगळे आहे, कारण इमेल्डा यांना काय म्हणायला लावले याइतकाच प्रेक्षकाला काय करायला लावले हाही प्रश्न त्यात आहे. माझ्या मते या प्रयोगात प्रेक्षकाच्या शरीराला पूर्ण सहभाग होता आणि त्याच्या निर्णयाला अजिबात नव्हता. हुकूमशाही कशी भुरळ घालते हे अनुभवाला आणून देण्यासाठी ही रचना विलक्षण परिणामकारक होती. परंतु ज्याला तो इतिहास आधीच ठाऊक होता त्याच्यापुरतीच. ज्याला ठाऊक नव्हता, त्याच्या वाट्याला नुसती भुरळ येण्याचा धोका होता.

व्यक्ती आणि तिचा काळ

इमेल्डा रोमुआल्देझ यांचा जन्म 1929 मधला, मनिला शहरातला. मातब्बर घराण्याच्या ओढगस्तीला आलेल्या शाखेत, लेइटे बेटावरील ताक्लोबान गावी त्या वाढल्या. उंची, रूप आणि गाता गळा या भांडवलावर त्या मनिलात आल्या, सौंदर्यस्पर्धेमुळे प्रसिद्धीस आल्या, आणि 1954 साली अवघ्या अकरा दिवसांच्या प्रियाराधनानंतर त्यांनी मार्कोस यांच्याशी विवाह केला. त्याआधी निनॉय या नावाने ओळखले जाणारे तरुण पत्रकार बेनिग्नो अक्विनो यांच्याशीही त्यांची ओळख होती. हेच निनॉय पुढे मार्कोस यांचे सर्वांत प्रभावी विरोधक झाले. 1965 मध्ये मार्कोस अध्यक्ष झाले, त्या प्रचारात इमेल्डा व्यासपीठावर उभ्या राहून गात असत आणि लोक त्यांना ऐकायला येत. राजकारण आणि मनोरंजन यांची ही सरमिसळ नाटककाराने कल्पिलेली नाही. ती घडलेली आहे.

पुढचा इतिहास मात्र गाण्याचा नाही. दुसऱ्या कार्यकाळाची अखेर जवळ येत असताना, सप्टेंबर 1972 मध्ये, जाहीरनामा क्रमांक 1081 द्वारे देशभर लष्करी कायदा लागू झाला. वृत्तपत्रे बंद पडली, विरोधकांची धरपकड झाली, निनॉय यांना सात वर्षांहून अधिक काळ कैदेत काढावा लागला. हृदयशस्त्रक्रियेसाठी 1980 मध्ये त्यांना अमेरिकेला जाऊ देण्यात आले, आणि 21 ऑगस्ट 1983 रोजी ते परतले तेव्हा मनिला विमानतळावर विमानातून उतरतानाच त्यांना गोळी घालण्यात आली. फेब्रुवारी 1986 मध्ये लाखो नागरिक चार दिवस मनिलाच्या एड्सा रस्त्यावर ठाण मांडून बसले, त्यानंतर अमेरिकेने मार्कोस कुटुंबाला हेलिकॉप्टरने राजवाड्यातून बाहेर काढले आणि ते हवाईला गेले. लष्करी कायद्याच्या काळातील अत्याचारांची भरपाई देण्यासाठी 2013 मध्ये फिलिपिन्सने कायदा केला. त्याखाली 11,103 पीडितांचे दावे मान्य झाले आणि त्यांना दिलेला पैसा मार्कोस यांच्या स्वित्झर्लंडमधील खात्यांतून परत मिळवलेला होता. लुटीच्या एकूण रकमेचे अंदाज पाच ते दहा अब्ज डॉलरपर्यंत जातात.

इमेल्डा 1991 मध्ये मायदेशी परतल्या आणि पुढे लोकप्रतिनिधी म्हणून निवडूनही आल्या. 2018 मध्ये भ्रष्टाचारविरोधी न्यायालयाने त्यांना सात आरोपांत दोषी ठरवले. जामीन मिळाल्याने त्या बाहेर राहिल्या. थोडक्यात, रंगमंचावर आणलेली ही व्यक्ती इतिहासजमा झालेली नव्हती. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, प्रयोग चालू असताना त्या हयात होत्या आणि त्यांचा मुलगा फर्डिनांड मार्कोस धाकटे हा देशाचा अध्यक्ष होता. मे 2022 च्या निवडणुकीत त्याला तीन कोटी दहा लाखांहून अधिक मते मिळाली होती, आणि लष्करी कायद्याचा काळ म्हणजे देशाचे सुवर्णयुग होते असे सांगणाऱ्या चित्रफितींचा त्याआधी कित्येक वर्षे समाजमाध्यमांवर पूर आलेला होता. या प्रकरणाचा कोणताही विचार या एका वस्तुस्थितीला वगळून करता येत नाही.

प्रयोगाची घडण

मूळ कल्पना संगीतकार डेव्हिड बर्न यांची. इमेल्डा यांना डिस्कोचे वेड होते, न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरात आरशांचा फिरता गोळा टांगलेला होता, हे कळल्यावर बर्न यांना सत्तेची धुंदी आणि नृत्याची धुंदी यांच्यातले साम्य खुणावू लागले. फॅटबॉय स्लिम या नावाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या नॉर्मन कुक यांच्यासह त्यांनी गाणी रचली. 2010 मध्ये गाण्यांचा संच प्रसिद्ध झाला. त्याआधी 2006 मध्ये ॲडलेड येथे आणि 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती गाणी मैफलीच्या स्वरूपात सादर झाली होती. आपल्या थडग्यावर ‘इथे प्रेम विसावले आहे’ एवढेच शब्द असावेत अशी इच्छा इमेल्डा यांनी बोलून दाखवली होती आणि संगीतिकेचे नाव तिथूनच आले. गीतांचा बराचसा मजकूरही त्यांच्या जाहीर भाषणांतून आणि मुलाखतींतून उचललेला आहे.

दिग्दर्शक ॲलेक्स टिंबर्स यांनी 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये हे काम उभे केले, तेव्हा जेमतेम दीडशेच्या आसपास प्रेक्षक मावतील अशी खोली होती. 2014 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आणि 2017 मध्ये सिएटलमध्ये प्रयोग झाले. ब्रॉडवेवर येईपर्यंत दशक उलटले होते. तिथे सर्व कलाकार फिलिपिनो वंशाचे होते, आणि ब्रॉडवेच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. लिआ सालोंगा यांनी निनॉय यांच्या आईची, ऑरोरा अक्विनो यांची, भूमिका काही आठवडे केली; त्या निर्मात्यांपैकीही एक होत्या. एरिएल जेकब्स इमेल्डा झाल्या, होसे याना आणि कॉनरॅड रिकामोरा हे 2013 प्रमाणेच अनुक्रमे मार्कोस आणि निनॉय यांच्या भूमिकांत होते.

सहभागाचे तंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. फरशीवर मोठे फिरते चौथरे होते. एक प्रवेश संपून दुसरा सुरू होताना चौथरे सरकत, आणि गडद गुलाबी रंगाचे अंगभर पोशाख घातलेले सेवक हातातल्या चमकत्या कांड्यांनी, विमानतळावर विमानाला वाट दाखवतात तसे, लोकांना इकडून तिकडे हलवत. डीजे घोषणा देई आणि सर्वांना एका ओळीत करायच्या नाचाच्या पायऱ्या शिकवी. निवडणुकीच्या प्रवेशात मार्कोस गर्दीत उतरून हस्तांदोलन करत फिरे, त्याच्यासोबत कॅमेरा असे, आणि हात मिळवणाऱ्या प्रेक्षकाचा हसरा चेहरा त्याच क्षणी भिंतीवरच्या पडद्यांवर झळके. नामवंत नटाशी हात मिळवण्याच्या आनंदात असलेल्या माणसाचे चित्र बघता बघता हुकूमशहाच्या प्रचारफितीचा भाग होई. त्याला कुणी विचारलेले नसे, आणि नको म्हणावे असे त्याच्या मनातही येत नसे. संपूर्ण प्रयोगातील हा सर्वांत धारदार क्षण आहे असे मी मानतो.

आक्षेप, आणि त्यांतला खरा आक्षेप

ब्रॉडवेवरील प्रयोगावर तीन बाजूंनी टीका झाली. वादक संघटनेचा आक्षेप आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या संगीतावर होता. शुभारंभापूर्वी तडजोड झाली आणि नट-वादकांसह बारा वादक घेण्याचे ठरले. त्या वादाचा येथे अधिक विचार करण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की दोन गोऱ्या संगीतकारांनी फिलिपिनो लोकांच्या जखमेवर नाचायची गाणी लिहिली. हा आक्षेप हलका नाही, पण वेशभूषाकार क्लिंट रामोस आणि पत्रकार होसे अँटोनियो वर्गास यांच्यासारखे फिलिपिनो वंशाचे निर्माते आणि संपूर्ण कलाकारसंच यांनी हे काम जाणीवपूर्वक आपले मानले होते, हेही नोंदवले पाहिजे. आपल्या आई-वडिलांच्या पिढीची ही गोष्ट इतक्या मोठ्या मंचावर सांगायला मिळणे ही त्यांच्यासाठी क्षुल्लक बाब नव्हती, आणि बाहेरच्या माणसाने ती तशी लेखणे उद्धटपणाचे होईल.

तिसरा आक्षेप मला निर्णायक वाटतो. फिलिपिनो-अमेरिकन समाजातील अनेकांचे म्हणणे होते की मार्कोस घराणे पुन्हा सत्तेवर आलेले असताना इमेल्डा यांना झगमगीत, गाणारी, नाचणारी नायिका म्हणून उभे करणे म्हणजे त्या घराण्याच्या इतिहास उजळवण्याच्या मोहिमेला नकळत हातभार लावणे होय. प्रयोग मार्कोसविरोधीच आहे, असे निर्मात्यांनी त्यावर जाहीरपणे सांगितले. संहिता वाचली तर निर्मात्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. तिच्यात लष्करी कायद्यावरचे गाणे आहे, निनॉय यांची हत्या आहे, त्यांच्या आईचा आक्रोश आहे, आणि लहानपणी इमेल्डाला सांभाळणाऱ्या एस्ट्रेला कुम्पास या गरीब स्त्रीशी श्रीमंत झालेल्या इमेल्डाने कसा व्यवहार केला तेही आहे. ज्या चपलाजोडांसाठी जगाला इमेल्डा माहीत आहेत त्यांचा उल्लेखही बर्न यांनी मुद्दाम टाळला आणि स्वस्त हशा नाकारला. हा निर्णय मला अतिशय योग्य वाटतो.

तरीही संहितेतील भूमिका आणि फरशीवरचा अनुभव यांत अंतर पडले. त्याचे कारण पात्रयोजनेत आहे. छळछावणीतून गेलेल्या, बेपत्ता झालेल्या, कामावरून काढलेल्या माणसांपैकी एकालाही स्वतःचे नाव आणि स्वतःचे गाणे असलेली मध्यवर्ती भूमिका नाही. 11,103 मान्य दाव्यांमागची माणसे नाटकात समूहगायनाच्या आणि पडद्यावरच्या अक्षरांच्या रूपाने येतात; इमेल्डा मात्र आपल्यापासून हातभर अंतरावर, घामाने निथळत, आपल्या डोळ्यांत पाहून गाते. ज्या रंगभूमीची सारी ताकद शारीरिक जवळिकीत आहे, तिथे कोणाला जवळ आणले आणि कोणाला पडद्यावर ठेवले यावरच नाटकाची बाजू ठरते. बसून पाहायच्या नाटकात हा दोष कदाचित किरकोळ ठरला असता.

दुसरे कारण प्रेक्षकाला दिलेल्या, किंवा न दिलेल्या, मोकळिकीत आहे. गुलाबी पोशाखातील सेवक सांगतील तिकडे सरकायचे, डीजे सांगेल तसे नाचायचे, आणि सत्तापालट झाल्यावर त्याच आज्ञाधारकपणे क्रांतीच्या गर्दीत सामील व्हायचे. जमाव कसा हाकला जातो हे दाखवण्यासाठी जमाव हाकणे ही कल्पना बुद्धिमान आहे. पण हाकले जात असल्याची जाणीव हाकल्या जाणाऱ्याला कुठल्या क्षणी व्हावी, याची योजना प्रयोगात नव्हती. पब्लिक थिएटरच्या छोट्या खोलीत ही जाणीव आपोआप होण्याची शक्यता तरी होती. दीडशे लोकांत नाचायला नकार देणारा माणूस लगेच दिसतो, आणि त्याच्या अवघडलेपणाने शेजारीही भानावर येतात. ब्रॉडवेच्या मोठ्या गर्दीत तो अवघडलेपणा विरून गेला.

आणि येथे एक विचित्र गोष्ट घडली, जी रचनाकारांच्या मनात असेल असे मला वाटत नाही. ब्रॉडवेवर वरच्या मजल्यावर खुर्च्या कायम होत्या. तिथे बसलेल्या प्रेक्षकाला खाली फिरणारे चौथरे, चमकणाऱ्या कांड्या आणि त्यांच्या इशाऱ्यावर वळणारी डोकी एकत्र दिसत. जमावाचे नियंत्रण कसे चालते याचा सारा धडा त्याला वरून सलग वाचता येत असे. म्हणजे नाटकाचा खरा आशय सहभागी न झालेल्याला अधिक स्पष्ट मिळत होता, आणि ज्याच्यासाठी सहभागाची ही सारी यंत्रणा उभारली तो तिच्या आतच राहून आनंद घेत होता.

शेवटचे गाणे आणि त्यानंतर

प्रयोगाच्या अखेरीस हेलिकॉप्टरचा आवाज घुमतो. लोकांनी आपल्यावर प्रेम का करू नये, असे इमेल्डा गर्दीला विचारते आणि निघून जाते. मग सारा झगमगाट थांबतो. आतापर्यंत हुकूम सोडणारा डीजे साधी गिटार घेऊन पुढे येतो आणि एड्सा रस्त्यावरच्या प्रत्यक्षदर्शी लोकांच्या शब्दांवर आधारलेले गाणे गातो. ठेका नाही, पायऱ्या नाहीत, कोणी कुणाला हलवत नाही. ज्या आवाजाने दीड तास नाचवले तोच आवाज आता साध्या माणसांची साक्ष सांगतो, ही योजना अत्यंत सुंदर आहे, आणि या क्षणी फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला आपण मघापासून काय करत होतो याचा विचार करायला प्रथमच उसंत मिळते.

परंतु ही उसंत टिकत नाही. त्यानंतर मुख्य गीत पुन्हा सुरू होते, दिवे पुन्हा फिरू लागतात, आणि कलाकारांच्या अभिवादनासोबत सगळे पुन्हा नाचतात. संगीतिकेच्या परंपरेत हे स्वाभाविक आहे. लोक हसत बाहेर पडावेत, गाणे गुणगुणत जावेत, हा व्यवसायाचा नियम आहे. पण या विशिष्ट विषयाच्या बाबतीत ते गाणे इमेल्डा यांच्या स्वतःविषयीच्या आवडत्या दंतकथेचे आहे, आणि प्रयोगाचा शेवटचा शब्द त्या दंतकथेला मिळतो. ज्या देशात हीच दंतकथा निवडणूक जिंकून गेली होती, त्या देशाच्या इतिहासाविषयी बोलताना ही निवड मला समर्थनीय वाटत नाही.

सहभागाचा दुसरा मार्ग त्या काळातच उपलब्ध होता. ब्राझीलच्या लष्करी राजवटीत तुरुंगवास आणि छळ सोसून 1971 मध्ये देशाबाहेर पडलेले ऑगुस्तो बोआल यांनी जी चर्चामंच रंगभूमी विकसित केली, तिच्यात प्रेक्षक नाटक थांबवू शकतो, अत्याचार सोसणाऱ्या पात्राची जागा घेऊ शकतो आणि प्रसंग वेगळ्या दिशेने नेऊन पाहू शकतो. फिलिपिन्समध्येही सेसिल गिडोटे यांनी 1967 मध्ये स्थापन केलेली ‘पेटा’ ही नाट्यसंस्था मनिलाच्या सँटियागो किल्ल्यातील भग्नावशेषांत प्रयोग करत असे. लष्करी कायद्यानंतर गिडोटे यांना परागंदा व्हावे लागले, तरी संस्थेने काम चालू ठेवले आणि गावोगावी कार्यशाळा घेऊन लोकांना त्यांचीच नाटके उभी करायला शिकवले. तिथे भाग घेणे जोखमीचे होते, आणि म्हणून भाग घ्यायचा की नाही हा निर्णय खराखुरा होता. ब्रॉडवेवरच्या संगीतिकेने बोआल यांची पद्धत उचलावी असे मी म्हणत नाही. संगीताच्या ठेक्यावर बांधलेला, दर रात्री ठरावीक वेळात संपणारा प्रयोग कुणा प्रेक्षकाने थांबवणे शक्य नाही. पण थांबवता येत नसले तरी बाजूला होता येईल, एवढी जागा ठेवता आली असती.

लष्करी कायद्याच्या गाण्याला चौथरे थांबवून, सेवकांना बाहेर पाठवून, प्रेक्षकांना काही काळ कसल्याही सूचनेशिवाय उभे ठेवता आले असते. आपण कुठे उभे राहायचे, कुणाच्या जवळ आणि कुणापासून दूर, हे त्या मिनिटांत ज्याचे त्याला ठरवावे लागले असते. मार्कोसशी हात मिळवतानाचे जे चेहरे आधी टिपलेले होते, तेच चेहरे या गाण्याच्या वेळी पुन्हा पडद्यावर आणता आले असते. यंत्रणा तयारच होती. अटक झालेल्यांपैकी एका व्यक्तीला तिच्या परवानगीने, तिच्या नावानिशी, फरशीवर इमेल्डाइतक्याच अंतरावर आणता आले असते. आणि गिटारच्या गाण्यानंतर दारे उघडता आली असती.

यातल्या शेवटच्या बदलाला निर्मात्यांनी विरोध केला असता हे उघड आहे. सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर भांडवल गुंतलेल्या प्रयोगात प्रेक्षक गंभीर चेहऱ्याने बाहेर पडणे कुणालाही धोक्याचे वाटेल. 149 प्रयोगांनंतर, 26 नोव्हेंबर 2023 रोजी, भांडवल वसूल न होताच संगीतिका बंद झाली. यापुढे जी नाट्यसंस्था हे काम पुन्हा हाती घेईल, तिला इतक्या मोठ्या फरशीची आणि इतक्या खर्चाची गरज नाही. पब्लिक थिएटरमधल्या खोलीएवढी जागा पुरेशी आहे, आणि तिथे अखेरचे नृत्य गाळून पाहणे कुणालाही सहज शक्य आहे.